आश्रित पक्षी आणि देशांतराचा धर्म

परदेशी कायमचे वास्तव्य करू निघालेल्या कुटुंबाने घरातील पाळीव पक्ष्याचे काय करावे, हा वरकरणी परवान्यांचा आणि विमानभाड्याचा प्रश्न असला, तरी त्याच्या मुळाशी असलेली अडचण जुनी आहे : ज्याला एकदा आश्रित केले, त्याला सोडून जाण्याचा अधिकार आश्रयदात्याला कितपत पोहोचतो? महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात ती जवळजवळ याच रूपात, म्हणजे प्रवेशाच्या अटीच्या रूपात, उभी राहते. हस्तिनापुरापासून मागोमाग आलेल्या कुत्र्याला सोडल्याखेरीज स्वर्गात येता येणार नाही, असे इंद्र बजावतो आणि युधिष्ठिर ती अट फेटाळतो. त्याच्या नकारापेक्षा त्याचा युक्तिवाद अधिक विचार करण्याजोगा आहे. द्रौपदीला आणि भावांना वाटेत सोडलेस, मग या कुत्र्याचाच आग्रह का, असे इंद्राने विचारल्यावर तो सांगतो की, ती सर्व मृत्यूनंतर मागे राहिली. जिवंतपणी त्याने त्यांच्यापैकी कोणालाही टाकले नाही. भक्तत्याग, म्हणजे आपल्यावर विसंबून असलेल्या निष्ठावंताला टाकून देणे, हे पाप तो मित्रद्रोहाच्या आणि शरणागताला भय घालण्याच्या पंक्तीला बसवतो.

पक्ष्याच्या बाबतीत मात्र एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. तो कुत्रा आपणहून आला होता. पिंजऱ्यातील पक्ष्याला कोणी विचारलेले नसते. या भेदाची सर्वांत काटेकोर चिकित्सा जैन आचारशास्त्रात आढळते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत मोडत नसले तरी त्याला डाग लावणारे दोष, दिले आहेत : बंध, वध (येथे मारहाण), छविच्छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. त्यांपैकी बंधाची व्याख्या करताना या ग्रंथाचे टीकाकार पूज्यपाद यांनी, प्राण्याला इष्ट स्थळी जाण्यास प्रतिबंध करणारे जे जे काही ते बंध, असा अर्थ लावला आहे. या कसोटीवर पिंजरा हा दोषच ठरतो, मग त्यात राळ्याची वाटी आणि समुद्रफेणाचा तुकडा कितीही प्रेमाने ठेवलेला असो. म्हणजे पक्षी पाळणारा कुटुंबप्रमुख देशांतराच्या वेळी निर्दोष अवस्थेतून निवड करत नसतो, तर आधीच झालेल्या एका दोषाची फेड कशी करावी, एवढाच पर्याय त्याच्या हाती उरलेला असतो.

अशा वेळी सर्वांत सोपा आणि पुण्यप्रद वाटणारा मार्ग म्हणजे पिंजऱ्याचे दार उघडून देणे. हा मार्ग फसवा आहे. भारतातील देशी पोपट पाळणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध असल्यामुळे कायद्याच्या चौकटीत राहून सोबत नेता येणारे पक्षी बहुधा कॉकटील, बजरीगर, लव्हबर्ड किंवा आफ्रिकन ग्रे, म्हणजे परदेशी वंशाचे आणि माणसाच्या हाताखाली वाढलेले असतात. त्यांना इथल्या रानात दाणा शोधता येत नाही, शिकऱ्याची झडप चुकवता येत नाही, आणि सुटकेच्या नावाखाली त्यांच्या वाट्याला उपासमार येते. ती अन्नपाणी तोडण्याच्या अतिचारापासून फारशी दूर नाही. क्वचित उलटही घडते : ब्रुसेल्समध्ये 1974च्या सुमारास एका उद्यानातून सोडलेल्या मूठभर पोपटांचे पुढे हजारोंचे थवे झाले. परंतु त्या यशाचा भार ढोल्यांत घरटी करणाऱ्या तिथल्या पक्ष्यांवर पडला, त्यामुळे त्यालाही अहिंसा म्हणणे अवघड आहे.

सोबत नेणे हा दुसरा मार्ग. त्यामागे निष्ठा असते तितकाच मोहही असू शकतो. अमेरिकेत बाहेरून आलेल्या पाळीव पक्ष्याला 30 दिवस सरकारी विलगीकरणात ठेवले जाते. आफ्रिकन ग्रेसाठी, 2016च्या जोहान्सबर्ग परिषदेत त्याचा समावेश वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वाधिक कडक परिशिष्टात झाल्यापासून, निर्गमन आणि आगमन अशा दोन्ही देशांचे परवाने लागतात. ऑस्ट्रेलिया तर न्यूझीलंडखेरीज अन्य कोठूनही पाळीव पक्षी येऊ देत नाही. कॉकटील आणि बजरीगर हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे रहिवासी असूनही पुण्यात जन्मलेला कॉकटील आपल्या पूर्वजांच्या देशात पाऊल ठेवू शकत नाही, ही विसंगती नोंदवण्यासारखी आहे. मात्र बर्ड फ्लू आणि पोपटांचे संसर्गजन्य आजार रोखण्याचे कारण पाहता तो नियम अन्याय्य म्हणता येणार नाही. प्रवेश मिळतो तिथेही प्रश्न संपत नाही. माणसाळलेला आफ्रिकन ग्रे एकाकीपणाने आणि भीतीने स्वतःच्या छातीची पिसे चोचीने उपटू लागतो, कातडी उघडी पडेपर्यंत. महिनाभर अनोळखी खोलीत ठेवण्याची शिक्षा त्याला ज्याच्या प्रेमापोटी होते, त्याने ते प्रेम नेमके कोणासाठी आहे, हे तपासले पाहिजे.

युधिष्ठिराच्या युक्तिवादाचे खरे महत्त्व इथे कळते. त्याने दूर जाणे आणि टाकणे यांत भेद केला आहे : दोष अंतराचा नाही, जिवंत आश्रिताला निराधार करण्याचा आहे. म्हणून पक्ष्याची भाषा, आहार आणि भीती जाणणाऱ्या, शक्यतो त्याच जातीचे पक्षी असलेल्या घरी त्याला सोपवणे हा भक्तत्याग ठरत नाही. मात्र ‘कोणी तरी घेईल’ म्हणून इमारतीच्या पहारेकऱ्याकडे पिंजरा देऊन विमानतळ गाठणे हा निःसंशय ठरतो. आफ्रिकन ग्रेचे आयुष्य चाळीस वर्षांच्याही पुढे जाऊ शकते, त्यामुळे असे घर पारखायला वेळ लागतो, आणि नव्या घरी पक्षी रुळून खाऊपिऊ लागेपर्यंत जुन्या मालकाचे दायित्व संपत नाही. तसे घर मिळाले नसेल आणि नव्या देशाचे दारही पक्ष्याला बंद असेल, तर कुटुंबाने प्रस्थान पुढे ढकलावे.