पुस्तकावर नाव नको

इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये हर्शेल हे नाव टाळू म्हटलं तरी टळत नाही. रस्ता हर्शेलचा, बाग हर्शेलची, आणि खरेदीला जावं तर मॉलचं नाव ऑब्झर्व्हेटरी. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल १७८६ मध्ये इथे आला आणि राजाच्या पैशातून त्याने चाळीस फुटी दुर्बीण उभारली. स्वतः शोधलेल्या युरेनसला त्याने आधीच राजा जॉर्जचं नाव देऊ केलं होतं. अप्टनच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये त्याची थोरवी लॅटिनमध्ये कोरलेली आहे.

ते लॅटिन पाहताना मला दुसरं लॅटिन आठवतं: भिंगं घासणाऱ्या तत्त्वज्ञ बारूख स्पिनोझाचं नीतीवरचं ‘एथिका’. २१ फेब्रुवारी १६७७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी तो हेगमध्ये वारला. हस्तलिखित ॲम्स्टरडॅमच्या प्रकाशकाकडे पोचलं आणि त्याच वर्षी इतर लेखनासोबत छापून आलं. ग्रंथावर ना प्रकाशकाचं नाव, ना गावाचं. लेखकाच्या जागी फक्त बी. डी. एस.

भीती होतीच. त्याच्या ओळखीतला कूरबाख डच भाषेत धर्माविरुद्ध लिहिल्याबद्दल १६६९ मध्ये तुरुंगात मेला. १६७५ मध्ये स्पिनोझा ‘एथिका’ छापायला ॲम्स्टरडॅमला गेला, तर ईश्वर नाकारणारं पुस्तक येतंय अशी आवई आधीच उठलेली. त्याने छपाईचा बेत सोडून दिला.

पण मेल्यावर कसली भीती? नाव नको ही त्याचीच इच्छा होती, असं मित्रांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे. ग्रंथातही सिसेरोचा दाखला देऊन तो चिमटा काढतो: कीर्तीचा मोह सोडा म्हणणारे तत्त्वज्ञ त्याच पुस्तकावर स्वतःचं नाव घालतात! शाल-श्रीफळाच्या आपल्या प्रकाशन समारंभांना हे झोंबायला हवं.

तरी मराठी मन इथे अडतं. ‘तुका म्हणे’ यात मिरवणं कुठे आहे? बोललो त्याची जबाबदारी माझी, एवढंच त्यात आहे. मग नीतीवर लिहिणाऱ्यानेच सही का टाळावी? मला वाटतं, स्पिनोझाने नीती भूमितीसारखी मांडली, व्याख्या आणि प्रमेयांनी. अभंगामागे तो जगलेला माणूस लागतो. सिद्धता बरोबर असेल तर ती कुणाची हे विचारावं लागत नाही. हर्शेललाही मी नावं ठेवणार नाही. दुर्बिणीला राजाचे हजारो पौंड लागले, स्पिनोझाला एक मेज पुरलं. हायडेलबर्ग विद्यापीठाने देऊ केलेली प्राध्यापकी नाकारणं त्यामुळेच त्याला परवडलं.

१६७८ मध्ये हॉलंडमध्ये स्पिनोझाच्या या लेखनावर बंदी आली. आज ‘एथिका’ वाचायचं असेल तर पहिल्या भागाच्या वाटेला लगेच जाऊ नका, तिथेच बरेच जण पुस्तक मिटतात. तिसऱ्या भागाच्या शेवटी भावनांच्या ४८ व्याख्या आहेत, तिथून सुरुवात करा.