शॉक्ड यार

नोआ वेब्स्टर या अमेरिकी कोशकाराबद्दल एक चावट किस्सा सांगतात. बायको अचानक खोलीत शिरते, तर नवरा मोलकरणीचं चुंबन घेतोय. ती म्हणते, "नोआ, आय अ‍ॅम सरप्राइज्ड!" तो शांतपणे तिची चूक दुरुस्त करतो, "नाही गं, सरप्राइज्ड मी झालोय. तू अ‍ॅस्टॉनिश्ड आहेस." हाच किस्सा सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज कोशकाराच्या नावावरही खपतो, म्हणजे बहुधा कुणीतरी रचलेला. पण ज्याने रचला त्याला भाषा कळत होती. 'सरप्राइज' मूळचा फ्रेंच. वरून झडप घालून पकडणं, बेसावध शत्रूवर छापा टाकणं. म्हणजे पकडला जातो तो सरप्राइज्ड. 'अ‍ॅस्टॉनिश'च्या पोटात मेघगर्जनेचा लॅटिन शब्द आहे: डोक्यावर वीज कडाडली आणि माणूस जागच्या जागी सुन्न. 'अ‍ॅस्टाउंड' आणि 'स्टन' ही त्याचीच भावंडं.

नवऱ्याचं भाषाशास्त्र बरोबर, बाकी सगळा निर्लज्जपणा. असं मला बरेच दिवस वाटायचं.

इंग्रजीतल्या दचकण्याच्या शब्दांची मुळं शोधत गेलं की एक गंमत दिसते. 'अलार्म' म्हणजे इटालियनमधली 'शस्त्रं उचला!' ही आरोळी. 'पॅनिक' हा पॅन नावाच्या ग्रीक देवावरून आलेला. रानात कळप उगाच उधळला की त्याचा ठपका पॅनवर यायचा. 'स्टार्टल' पूर्वी स्वतःच उसळणं, लाथा झाडणं अशा अर्थाचा होता, पुढे तो दुसऱ्याने आपल्याला दचकवण्याचा झाला. जवळजवळ सगळीकडे कर्ता बाहेरचा: शत्रू, वीज, देव. आणि वाक्यरचनाही तशीच, आय वॉज शॉक्ड, म्हणजे हे माझ्यावर कुणीतरी केलंय. मराठीत 'मी दचकलो' म्हटलं की निदान दचकण्याचा कर्ता मीच राहतो. (अर्थात 'मला धक्का बसला' ही सोय आपल्याकडेही आहेच.)

या सगळ्या शब्दांत एक गृहीत लपलेलं आहे. ज्याला धक्का बसला तो बेसावध होता, त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो निर्दोष. मला छळणारा प्रश्न इथे आहे. धक्का बसणं हा निर्दोष असण्याचा पुरावा होतो का?

दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस 'अ‍ॅटिक नाइट्स'मध्ये एका बोटीच्या प्रवासाबद्दल सांगतो. ग्रीसहून इटलीला जाताना समुद्र खवळला. बोटीवर एक नामांकित स्टोइक तत्त्वज्ञ होता. भीतीबिती माणसाच्या ताब्यात असते असं शिकवणारी ही मंडळी. गेलियसने मुद्दाम त्याच्याकडे बघून घेतलं. तोही पांढराफटक. वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला. गेलियसने मात्र नंतर नीट विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसचं पुस्तक काढलं. उत्तर साधारण असं: अचानक काही भयंकर कानावर आदळलं की शहाण्याचाही चेहरा उतरतो, ते त्याच्या हातात नाही. पुढच्या क्षणी मन त्या भीतीला 'हो, खरंय' म्हणतं का, तिथून त्याची जबाबदारी सुरू होते.

मला हे पटतं, पण अर्धंच. कारण हा हिशोब दचकल्यानंतरचा आहे. दचकण्याच्या आधीचं काय?

चार्ल्स डार्विनने १८७२च्या भावनांवरच्या पुस्तकात स्वतःवर केलेला एक प्रयोग सांगितलाय. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने विषारी पफ अ‍ॅडरसमोरच्या जाड काचेला चेहरा भिडवला. साप झेपावला तरी मागे सरायचं नाही, असा पक्का निर्धार केला. साप काचेवर आदळला आणि डार्विन क्षणात एक-दोन यार्ड मागे! मला यातली काच महत्त्वाची वाटते. ती आहे हे त्याला माहीत होतं. साप झेपावणार हेही माहीत होतं, त्यासाठीच तर तो उभा होता. सगळं माहीत असूनही अंग उडालंच. म्हणजे छातीत धस्स झालं यावरून 'मला काहीच कल्पना नव्हती' हे सिद्ध होत नाही.

१९४२च्या 'कॅसाब्लांका' सिनेमातला पोलीस कॅप्टन आठवा. इथे जुगार चालतो हे कळून आपल्याला जबर धक्का बसलाय असं सांगून तो कॅफे बंद करतो, आणि तेवढ्यात एक नोकर त्याने जुगारात जिंकलेले पैसे त्याच्या हातात आणून ठेवतो. आपण त्याला हसतो, कारण तो ढोंगी आहे. पण मला भीती ढोंग्यांची नाही, ज्यांचं काळीज खरोखर धडधडतं त्यांची वाटते.

त्यातला एक मी. सेकंड इयरला असताना आमच्या हॉस्टेलमधला एक ज्युनिअर बॅग भरून कायमचा घरी गेला. मग ग्रुपवर बातमी आली की रोज रात्री त्याला वरच्या मजल्यावर बोलवायचे आणि तिथे काय काय करायला लावायचे. धडाधड इमोजी पडले. मीही टाइप केलं, 'शॉक्ड यार.' खोटं नव्हतं ते. हात थरथरत होते.

पण माझी खोली जिन्याला लागून होती. अकरानंतर वर जाणाऱ्या त्याच्या चपलांचा आवाज मी ओळखायचो. मग मी हेडफोन लावायचो. दोन महिने.

मग थरथर कशाची होती? बातमीची नसावी. बातमी मला माहीत होती. कुणी विचारलं तर काय सांगायचं, याची होती. म्हणजे मी अ‍ॅस्टॉनिश्ड नव्हतोच, शुद्ध सरप्राइज्ड होतो, त्या किस्स्यातल्या नवऱ्यासारखा. त्याने निदान स्वतःचा शब्द स्वतःकडे ठेवला. मी बायकोचा उचलला.

त्या ज्युनिअरचा नंबर अजून माझ्याकडे आहे. 'तेव्हा ऐकून खूप शॉक बसला होता' असं सुरू केलेला एक मेसेज मी दोनदा खोडला. गेल्या आठवड्यात पुन्हा लिहिला. या वेळी पहिलं वाक्य 'मला ऐकू यायचं' हे आहे. ब्लू टिक आली आहे.