गुन्हेगार नसलेली जखम

वडिलांना सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं, तेव्हाची गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. शेजारच्या खाटेवर दारू अचानक बंद झाल्यामुळे भ्रमात गेलेला एक रुग्ण होता. दिवसभर तो अंगावर नसलेले किडे झटकत होता. वॉर्डातल्या मावशी भांडं द्यायला वाकल्या आणि त्याने सलाइनचा स्टँड उचलून त्यांच्या मनगटावर हाणला. तिघांनी मिळून त्याला आवरलं. सिस्टरने मनगटाला पट्टी गुंडाळली आणि विचारलं, "मावशी, केसपेपर काढू का?" मावशी म्हणाल्या, "नको सिस्टर. कागद झाला की सुपरवायझर म्हणेल, उद्यापासून येऊ नका." मग त्यांनी डाव्या हाताने फरशी पुसून घेतली.

दीड महिन्याने वडिलांना पुन्हा दाखवायला नेलं, तेव्हा वॉर्डात दुसऱ्याच मावशी होत्या. आधीच्या मावशींचा हात नीट बसला नाही, फडका पिळता येईना, म्हणून ठेकेदाराने बाई बदलली. सिस्टरला एवढंच माहीत होतं. वॉर्डाच्या दारावर पाटी होती : रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा.

या घटनेत गुन्हेगार कोण? कोणीही नाही. तो रुग्ण आजारी होता. मन ठिकाणावर नसताना, आपण काय करतो आहोत हे कळत नसताना हातून घडलेली कृती गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ हेच सांगतं, आधीच्या दंड संहितेचं कलम ८४ही हेच सांगत होतं. ही तरतूद सुसंस्कृत समाजाला शोभणारी आहे. पण गुन्हेगार नव्हता म्हणून जखम नव्हती, असं होत नाही. हाड मोडलं, रोजगार गेला, घर अडचणीत आलं. ही किंमत कोणी सोसायची, हा आजचा प्रश्न आहे.

हिंसा रोखणारे आपले कायदे या प्रश्नाला बगल देतात. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसा रोखण्यासाठी कायदा केला. त्यात तुरुंगवास आहे, दंड आहे, रुग्णालयाच्या मालमत्तेची नुकसानभरपाई आहे. केंद्राने २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. जखमी कर्मचाऱ्याला भरपाई देण्याची सोयही केली. पण ती द्यायची कोणी? दोषी ठरलेल्या आरोपीने. म्हणजे आधी साथ हवी, मग खटला, मग शिक्षा, आणि शेवटी त्या आरोपीच्या खिशात पैसे. भ्रमातला रुग्ण या साखळीत शिक्षेआधीच सुटतो, आणि त्याच्याबरोबर मावशींची भरपाईही सुटते.

घटना घडली की आपलं लक्षही शिक्षेकडेच धावतं. मे २०२३ मध्ये केरळात कोट्टारक्कराच्या तालुका रुग्णालयात डॉ. वंदना दास यांचा जीव गेला. जखमेवर उपचारासाठी पोलिसांनी आणलेल्या माणसाने त्यांना भोसकलं होतं. काही दिवसांतच तिथल्या सरकारने अध्यादेश काढून शिक्षा वाढवल्या. त्याच वर्षी जानेवारीत यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णानेच निवासी डॉक्टरवर चाकू चालवला, तेव्हा चर्चा सुरक्षारक्षकांची झाली. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत. पण शिक्षा वाढल्याने गेलेला जीव परत येत नाही, आणि रक्षक दारावर असतो, खाटेवरून उठलेला हात त्याला दिसत नाही. शिवाय डॉक्टरवर हल्ला झाला की निदान बातमी होते, संघटना उभी राहते. वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, मनोरुग्णालयातले परिचर यांच्या जखमा वॉर्डातल्या वॉर्डात बांधल्या जातात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : भरपाई गुन्ह्यावर अवलंबून ठेवू नका, जखमेवर ठेवा. सार्वजनिक रुग्णालयात काम करताना रुग्णाकडून इजा झाली, तर दोष कोणाचा हे न विचारता उपचार, रजेचा पूर्ण पगार, अपंगत्वाचा लाभ आणि मृत्यू झाल्यास वारसांना रक्कम संस्थेने द्यावी. रुग्णावर गुन्हा नोंदला का, तो दोषी ठरला का, याच्याशी या लाभाचा संबंध नसावा.

हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ते शंभर वर्षांपूर्वी मान्य केलं : इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली, एवढं पुरे, मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात साठ टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं, असं त्याचं सूत्र होतं. २०२० मध्ये या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरली. त्या दराने चाळीस वर्षांच्या माणसाच्या मृत्यूची रक्कम १३,८१,२७५ रुपये होत होती. पगार चाळीस हजार असला तरी तेवढीच. ही मर्यादा अपुरी होती, ती वाढायला हवी होती. पण पाया योग्य आहे. हाच कायदा ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही टाकत होता : आधी मालकाने द्यावं, मग ठेकेदाराकडून वसूल करावं. तरीही आपल्या रुग्णालयांत ठेकेदार प्रशासनाकडे बोट दाखवतो, प्रशासन ठेकेदाराकडे, आणि मधल्या मधे माणूस बदलला जातो.

"हे पैसे आणायचे कुठून?" हा पहिला आक्षेप. करोनाच्या काळात ते आणले होते. मार्च २०२० मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमासंरक्षण जाहीर केलं. त्यात कंत्राटी, रोजंदारीवरचे, बाह्ययंत्रणेमार्फत घेतलेले, सगळे होते. विषाणूवर कोणी गुन्हा नोंदवला नव्हता. आरोपीशिवाय भरपाई देता येते, हे सरकारने स्वतःच दाखवून दिलं आहे. मग विषाणूने झालेला घात मान्य आणि भ्रमातल्या रुग्णाने केलेला घात अमान्य, याला तर्क कोणता? आणि खर्च आजही होतोच आहे. फरक इतकाच की तो मावशींच्या घरातून होतो : मोडलेल्या मंगळसूत्रातून, मुलीच्या सुटलेल्या शाळेतून. सार्वजनिक सेवेचा धोका सार्वजनिक तिजोरीने उचलावा, एवढंच मी मागतो आहे.

दुसरा आक्षेप : "असा धोका या कामाचाच भाग आहे. माहीत असूनच नोकरी धरली ना?" असं म्हणणारा नकळत माझी बाजू मांडतो. धोका कामाचा भाग असेल, तर त्यातून झालेली इजा कामाची इजाच झाली. आणि जो धोका कामगाराला माहीत होता, तो नेमणूक करणाऱ्यालाही माहीत होता. जाणूनबुजून माणसाला धोक्यात उभं करणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो माणुसकीतून येतो : अशा योजनेमुळे मनोरुग्ण म्हणजे हिंसक, हा समज बळावेल. तो समज खोटा आहे, बहुसंख्य मनोरुग्ण कोणालाही इजा करत नाहीत. पण आजची व्यवस्था रुग्णाच्या बाजूची आहे का? आज जखमी परिचराला हिंसाविरोधी कायद्यांतून काही मिळवायचं असेल, तर आजारी माणसाला आरोपी करण्यावाचून त्याच्यापुढे वाट नाही. दोष न विचारता दिलेली भरपाई ही वाट बंद करते. परिचराला त्याचा हक्क मिळतो आणि रुग्णावर गुन्हेगाराचा शिक्का बसत नाही. दोघांच्या प्रतिष्ठा एकमेकींच्या आड येत नाहीत, आपण त्या आड आणल्या आहेत.

खोट्या दाव्यांची भीतीही घातली जाईल. त्यासाठी वैद्यकीय मंडळ आहे, ड्यूटीचा हजेरीपट आहे, सहकाऱ्यांची साक्ष आहे. दोनचार लोक लबाडी करतील म्हणून उरलेल्यांना उपाशी ठेवणं, याला काटकसर म्हणत नाहीत.

आता त्या पाटीकडे येऊ. सेवेला ईश्वराचं नाव दिलं की सेवकाचं माणूसपण विसरणं सोपं जातं. देवाच्या कामात हिशेब मागायचा नसतो, दुखणं भोग म्हणून सोसायचं असतं, ही शिकवण आपल्या हाडीमांशी खिळली आहे. कोणी सावित्रीबाई फुले यांचं उदाहरण देईल. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांनी प्राण दिला. त्या त्यागापुढे मस्तक झुकलंच पाहिजे. पण त्याग करणाऱ्याचा असतो, तो दुसऱ्याकडून वसूल करायचा नसतो. ठेकेदाराकडे महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या बाईकडून आपण तो न विचारता वसूल करतो आणि वर तिची आरती करतो. २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या, रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली. कृतज्ञतेला किंमत तेव्हाच येते, जेव्हा तिचा हक्क होतो.

करायचं काय ते अवघड नाही. प्रत्येक वॉर्डात इजा-नोंदवही असावी, आणि नोंद केली म्हणून कोणाला कामावरून काढता येऊ नये. भरपाई कायम आणि कंत्राटी दोघांना सारखी असावी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुनं काम झेपत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं लागतं. कंत्राटाच्या कागदाआड हे संरक्षण थांबू नये. आणि मनाला झालेली इजाही इजा मानावी. गळा आवळला गेलेली सिस्टर पुन्हा रात्रपाळीला उभी राहू शकत नसेल, तर तेही अपंगत्वच आहे.

शेवटी, नागरिक म्हणून आपल्याकडे. त्या रात्री मी जागा होतो. केसपेपर काढा, मी साक्षीदार म्हणून सही करतो, असं म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी बोललो नाही. वडिलांची देखभाल सुरळीत चालावी, उगाच भानगड नको, असं वाटलं. मावशींचा हात मोडला रुग्णाने, पण त्या जखमेची नोंद मोडली ती आमच्यासारख्या शहाण्या, सुशिक्षित, कृतज्ञ माणसांच्या गप्प राहण्याने. कायदा होईल तेव्हा होईल. पुढच्या वेळी वॉर्डात कोणी "केसपेपर काढू का?" असं विचारलं आणि मावशी "नको" म्हणाल्या, तर खाटेशेजारी बसलेल्या आपल्यापैकी कोणीतरी "हो, काढा" म्हणावं, आणि पेन पुढे करावं.