शिकणे आणि सुधारणे



केळी जास्त पिकली की त्यांच्यावर चिलटे घोंगावू लागतात. कासूच्या घरोघरी आपण ती हाताने हाकलतो. पण या चिलटाने शास्त्रज्ञांना बरेच काही शिकवले आहे.

१९७४ साली अमेरिकेत एका प्रयोगात चिलटांना एक ठरावीक वास देताना विजेचा झटका दिला गेला. पुढे ती त्या वासापासून दूर राहू लागली. म्हणजे ती शिकली! आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, प्रा. ओबेद सिद्दीकी आणि मूळ गोवेकर कुटुंबातील त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटांना वास कसा कळतो याचा अभ्यास केला. २०१७ साली जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र जाणणाऱ्यांनी एकत्र येऊन दाखवले, की चिलटाचा मेंदू वास ओळखताना जी रीत वापरतो, ती संगणकालाही सारख्या गोष्टी शोधताना उपयोगी पडते.

आज यंत्रेही शिकतात. यंत्राचे उत्तर किती चुकले ते मोजतात, त्याप्रमाणे आतले आकडे थोडे बदलतात, आणि हे लाखो वेळा होते. मग माणसाच्या शिकण्यात वेगळे ते काय?

यंत्राची चूक हा एक आकडा असतो. चिलटाला झटका बसतो, म्हणून ते टाळते. माणसाला मात्र आपल्या चुकीने दुसरा दुखावला, हे कळते. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. त्याला कोणी झटका दिला नव्हता.

येथे आपण फुशारकी मारू नये. यंत्र सरावाने सुधारते. आपण मात्र दर उपवासकाळात तीच पापे पुन्हा सांगतो. तरीही प्रायश्चित्त संस्काराला आपणच जातो. यंत्र दुरुस्त करता येते. क्षमा माणसालाच मिळते, कारण जबाबदारी त्याचीच असते.

जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'अंतिक्वा एत नोव्हा' या पत्रकातही म्हटले आहे, की यंत्राची बुद्धी ही माणसाच्या बुद्धीचे दुसरे रूप नसून तिची निर्मिती आहे. म्हणून कोणाला कर्ज द्यावे, कोणाला नोकरी द्यावी, अशा निर्णयांत यंत्राची मदत जरूर घ्यावी. पण 'यंत्राने सांगितले' म्हणून हात झटकू नयेत.

आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाची उत्तरे मोबाईलवरून उतरवून काढतात. त्यांना रागावण्याआधी आपण एकदा विचारू या : "बाळा, हे उत्तर तुला पटले का?" आणि हाच प्रश्न मिस्साहून घरी जाताना स्वतःलाही विचारू या.