जेऊरची हिरवी रेष

पुण्याहून सोलापूरला रेल्वेने येताना भिगवण मागे पडलं की जेऊर येतं, आणि मग कुंकवाचं केम. जेऊर आपल्या करमाळा तालुक्यातलं. गाडी थांबली तर थांबली, नाहीतर पाटी वाचेपर्यंत स्टेशन निघून जातं. पण २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून घाट चढून याच गावावरून जाणार होती. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन इथे तळ देऊन बसला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपली यंत्रं मांडून जेऊरलाच होते. सगळ्यांच्या हातात वेळ होता जेमतेम दोन मिनिटांचा.

दोन मिनिटांत माणूस काय पाहणार? नुसतं डोळे भरून पाहायचं तर पुष्कळ. पण दुर्बीण कोणत्या कडेवर रोखायची, फट केवढी ठेवायची, छायाचित्राची काच किती सेकंद उघडी ठेवायची, हे आधीच ठरवावं लागतं. आणि ते ठरतं सूर्याबद्दलच्या एखाद्या समजुतीवर. पाठ्यपुस्तकात तिला गृहीतक म्हणतात. मला हा शब्द जरा खटकतो. मराठीत एखादी गोष्ट गृहीत धरली की विषय मिटतो, विज्ञानात तिथून सुरू होतो. ‘अभ्युपगम’ अर्थाने चोख, पण जिभेवर बसत नाही. त्यापेक्षा ‘ठोकताळा’ बरा. त्यात निदान ‘ताळा’ तरी ऐकू येतो.

कॅम्पबेलचा ठोकताळा साधा होता. ग्रहणात सूर्याभोवती जे मोतिया तेज दिसतं, ते प्रभामंडल सूर्याबरोबर फिरत असेल, तर त्याची एक कड आपल्याकडे येत असणार आणि दुसरी दूर जात असणार. स्टेशनात शिरणाऱ्या इंजिनाची शिट्टी चढी लागते, निघून जाणाऱ्याची उतरती. तशीच वर्णपटातली रेष एका कडेला निळ्याकडे आणि दुसऱ्या कडेला तांबड्याकडे किंचित सरकलेली दिसायला हवी. त्यासाठी त्याने निवडली प्रभामंडलाची प्रसिद्ध हिरवी रेष.

ही रेष १८६९ च्या ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या अमेरिकनांना दिसली होती. यंगने तिची जागा ठरवली ती आजच्या मापात ५३१७ अँगस्ट्रॉमच्या आसपास. नेमकी तिथेच लोखंडाचीही एक रेष असते. पण सूर्यापासून इतक्या उंचावर जड लोखंडाची वाफ पोहोचणार कशी? त्यापेक्षा हे एखादं हलकं, अनोळखी मूलद्रव्य मानणं सोपं होतं. त्याला नाव मिळालं कोरोनियम. यात हसण्यासारखं काही नाही. १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून हेलियमचं बारसं झालं होतं, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला तो वायू पृथ्वीवरच्या खनिजात मिळालाही होता. हिशेब एकदा जुळला की तोच पुन्हा मांडावासा वाटतो.

जेऊरच्या काचा तपासल्यावर कॅम्पबेलला आढळलं की रेष मुळात सगळ्यांनी मानलेल्या जागेवर नाहीच. ती होती ५३०३ वर. त्याच ग्रहणासाठी विजयदुर्गला गेलेल्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरच्या गटाच्या छायाचित्रांतूनही तीच जागा निघाली. एकोणतीस वर्षं प्रभामंडलाची म्हणून जी जागा सांगितली जात होती, ती सूर्याच्या खालच्या थरातल्या लोखंडी रेषेची होती. कॅम्पबेलचा १८९९ चा निबंध मला त्याच्या शीर्षकासाठीच आवडतो. हिरव्या रेषेची तरंगलांबी त्यात आधी येते, आणि परिवलनाचा नियम शोधण्याचा ‘प्रयत्न’ मागाहून. विचारलं एक, उत्तर आलं दुसऱ्याच प्रश्नाचं. पण पहिला प्रश्न इतका काटेकोर नसता, तर दुसरं उत्तर काचेवर उमटूनही कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मग कोरोनियम कोसळलं का? छे! उलट त्याचं फावलं. लोखंडाचा शेजारही सुटल्यामुळे ते आणखीच अनोळखी ठरलं. मेंडेलीव्हने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला आवर्तसारणीत हायड्रोजनच्याही आधी जागा देऊ केली. इथेच त्या कल्पनेचा अशक्तपणा दिसतो. रेष सरकली, तरी कोरोनियमला काही फरक पडला नाही, कारण त्याने रेष कुठे असावी हे कधी सांगितलंच नव्हतं. ते नुसतं नाव होतं.

त्याउलट आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत, ज्याच्या मागे हाच कॅम्पबेल पुढे वर्षानुवर्षं लागला. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळेल, असा आकडा आइन्स्टाइनने आधीच सांगून ठेवला होता. चुकला तर पळवाट नाही. कॅम्पबेल त्याचा भक्त नव्हता. १९१४ च्या ग्रहणात कीव्हजवळ ढग आले आणि महायुद्धात यंत्रं रशियात अडकली. १९१८ मध्ये अमेरिकेतच गोल्डनडेलला जुळवाजुळव करून वेध घेतले. त्यांचा कौल आइन्स्टाइनविरुद्ध जाईल असं वाटलं, पण खात्री नव्हती म्हणून त्याने ते छापले नाहीत. अखेर १९२२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वालालला घेतलेल्या काचांवरून १.७२ हा आकडा निघाला, आणि १९२३ मध्ये त्याने तो जाहीर केला.

हिरव्या रेषेचं कोडं सुटायला आणखी दोन दशकं गेली. जर्मनीच्या ग्रोट्रियानने १९३९ मध्ये वाट दाखवली आणि स्वीडनच्या बेंग्ट एडलेनने हिशेब पुरा केला. ती रेष लोखंडाचीच निघाली! फक्त हे लोखंड तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. ज्या लोखंडाला आधी झिडकारलं, जेऊरच्या मोजणीने ज्याच्यापासून रेष दूर नेली, तेच. पण लोखंडाचे तेरा इलेक्ट्रॉन निघायचे तर तापमान दहा लाख अंशांच्या घरात हवं, आणि खाली सूर्याचा पृष्ठभाग तर जेमतेम साडेपाच हजारांवर. चुलीपासून दूर जावं तशी धग वाढावी, हे कसं, यावर खगोलशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

नायगमवालांची पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिथली दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्या कोडाईकनालच्या वेधशाळेतून वाढलेल्या बंगळुरूच्या संस्थेने आदित्य एल-१ या सूर्याचा वेध घेणाऱ्या यानासाठी प्रभामंडल पाहणारं उपकरण बनवलं. २ सप्टेंबर २०२३ रोजी ते अवकाशात गेलं. त्याला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. सूर्याची तबकडी ते स्वतःच झाकून घेतं. त्याच्या वर्णपटलेखकासाठी निवडलेल्या रेषांपैकी एक आहे ५३०३.