हाताला काय कळतं?

गेल्या जानेवारीत आमच्या गावच्या व्याख्यानमालेत बालसंगोपनावर एक व्याख्यान झालं. वक्ते मोठे, सभागृह भरलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला भरवणं आईच्या हातात उपजतच असतं, त्या हाताला सगळं कळतं. डॉक्टरांनी आणि उपकरणांनी आईचा स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवला, आणि त्याचं शेवटचं टोक म्हणजे नळीवर वाढणारी मुलं. त्या मुलांचं पोट भरतं, मूल मात्र उपाशी राहतं. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. पिशवीत ५० मिलीची सिरिंज होती, कारण तिथून थेट नणंदेकडे जाऊन लेकीला साडेसातचं दूध द्यायचं होतं.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. तेव्हापासून मनात घोळतंय ते इथे लिहिते. आणि आधीच सांगते, ते सगळंच चूक बोलले म्हणून मला राग आला नाही. एके काळी मी स्वतः हेच बोलत होते, म्हणून आला.

लेक आता नऊ वर्षांची आहे. तिसाव्या आठवड्यात जन्मली, पुढे सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं. उष्टावण सातव्या महिन्यात केलं. खिरीचा पहिला थेंब जिभेवर ठेवला, तो तिने जिभेनेच बाहेर ढकलला. सगळे हसले, सगळी बाळं असंच करतात, म्हणाले. करतातच. आमच्याकडे ते पुढची दोन वर्षं चाललं. ६० मिली पातळ खिमट पोटात जायला पाऊण तास, आणि असं दिवसातून सात वेळा. त्यातलं अर्धं खांद्यावर, दुपट्यावर, माझ्या ओच्यात परत.

बाळ दूध टाकतं यात नवल नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायूंचा वळसा अधूनमधून सैल पडतो, बाळ दिवसभर आडवं असतं, पोटात सगळं पातळच असतं. थोडं वर येणारच. बहुतेक बाळांचं ते वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतं. दूध टाकूनही बाळ हसतंखेळतं असेल, वजन वाढत असेल, तर औषधाचं काम नसतं. पण ज्या मुलाच्या धडात ताकद नाही, ज्याला बसवावं लागतं, ज्याचं जठर सावकाश रिकामं होतं आणि बद्धकोष्ठ पाठ सोडत नाही, त्याचं थांबत नाही. आम्ल वर चढतं, जळजळतं, मूल पाठीची कमान करून मान मागे टाकतं. खाल्लं की दुखतं एवढं त्याला कळलं की ते तोंड मिटून घेतं. 'खायला फार कटकट करते हो' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला सांगावंसं वाटायचं की ही कटकट नाही, हा अनुभवातून काढलेला अगदी बरोबर निष्कर्ष आहे.

या सगळ्यातून मी भरवायला शिकले. तिला मांडीवर अर्धवट उठवून घ्यायचं, हनुवटी किंचित खाली, डाव्या हाताची दोन बोटं जबड्याखाली, चमचा जिभेच्या मध्यावर सपाट दाबायचा, गिळल्याचं बोटांना जाणवल्याशिवाय दुसरा चमचा नाही. नाचणीचं सत्त्व किती घट्ट झालं की उतरतं आणि किती झालं की टाळ्याला चिकटतं, हे मला वाटी हलवून कळायचं. घरात दुसऱ्या कुणालाच हे जमत नसे. त्याचा मला अभिमान होता.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, आणि या अभिमानाला माझ्याकडे एक भक्कम आधारही होता. आपल्या दवाखान्यांत वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे नाकातून घालायच्या नळीला 'रायल्स ट्यूब' म्हणतात. हा रायल म्हणजे जॉन आल्फ्रेड रायल, इंग्लिश डॉक्टर. जठरातला रस काढून तपासण्यासाठी १९२१ साली त्याने ती नळी पुढे आणली. त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट रायल, ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ, 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' या १९४९ सालच्या पुस्तकाचा लेखक. थोरल्या भावाची नळी पुढे माझ्या लेकीच्या नाकात आली. धाकट्याचं पुस्तक मी त्याआधी वीस वर्षं वर्गात शिकवत होते.

गिल्बर्ट रायलचा मुद्दा वरवर साधा आहे. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि एखादं काम येणं वेगळं. दुसरं हे पहिल्याचं दुय्यम रूप नव्हे. आचारी आधी मनात पाककृती म्हणतो आणि मग तिच्याबरहुकूम रांधतो, हे चित्रच त्याला खोटं वाटतं. प्रत्येक कृतीआधी नियम आठवावा लागत असेल, तर नियम आठवणं हीही कृतीच. मग तिच्याआधी कुठला नियम? मराठीला हा फरक शिकवावा लागत नाही. गाडीची वेळ मला 'माहीत आहे'. पण मला पोहायला 'येतं', तिला पोळ्या 'येतात', त्याला तबला 'येतो'. या वाक्यांत आपण कर्ते नसतोच. विद्या येते, आपण 'मला', 'तिला' म्हणून बाजूला उभे. मला भरवायला येत होतं. सल्ले देणाऱ्यांना फक्त माहीत होतं. रायल माझ्या बाजूचा होता, आणि मी त्याला पुरेपूर वापरला. डॉक्टर नळीचं नाव काढत, तेव्हा हाताच्या ज्ञानाला पुस्तकी ज्ञान समजू शकत नाही, असं मी मनात म्हणायची. व्याख्यानातल्या वक्त्यांनी रायल वाचला असता तर माझंच भाषण केलं असतं.

मग एका हिवाळ्यात तीनदा न्यूमोनिया झाला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी करायला लावली. अंधाऱ्या खोलीत तिला खुर्चीत पट्ट्यांनी बसवलं, खिमटात बेरियम कालवलं आणि चमचा माझ्याच हातात दिला, कारण माझ्या हातून ती सगळ्यात चांगलं घेते. मी नेहमीसारखंच भरवलं. समोर पडद्यावर तिच्या गळ्याची राखाडी सावली होती आणि त्यातून काळा घास खाली उतरत होता. पहिला नीट गेला. दुसरा नीट गेला. तिसऱ्याच्या मागे एक बारीक काळी रेघ पुढच्या बाजूने श्वासनलिकेत उतरली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती शांत होती. खोकली नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही, घशावरच्या माझ्या बोटांना काहीही वेगळं लागलं नाही. पाचव्या चमच्याला पुन्हा रेघ. मी चमचा खाली ठेवला.

याला डॉक्टर 'सायलेंट ॲस्पिरेशन' म्हणोत की आणखी काही, अर्थ एवढाच की अन्न फुप्फुसात जातंय आणि शरीर हूं की चूं करत नाही. मज्जासंस्थेच्या आजारात हे घडतं, आणि बाहेरून ओळखता येत नाही. दोन वर्षं ज्या हाताला सगळं कळतं असं मी समजत होते, तोच हात तिच्या छातीत अन्न सोडत होता.

त्यानंतर मी रायल पुन्हा काढला. तेव्हा एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं शिकवत असूनही मी हलक्या हाताने ओलांडली होती. तो निव्वळ सवय आणि खरं कौशल्य यांत फरक करतो. सवयीत आजची कृती कालच्या कृतीची नक्कल असते. कौशल्यात कालच्या चुकीने आजची कृती बदलते. येणं म्हणजे सुधारता येणं. या कसोटीवर माझा हात अडतो कुठे? चुकीची खबर पोचली तर तो सुधारेल. पोळी करपली की वास येतो, ताल चुकला की कानाला कळतं. इथे खबर येतच नव्हती. खोकला हा निरोप्या, आणि तोच मुका. अशा ठिकाणी हात कितीही हुशार असो, त्याला शिकायला काही उरत नाही. तिथे पडदा लागतो, क्ष-किरण लागतात, 'माहीत असणं' लागतं. रायल मला इथे अपुरा वाटतो. येणं हे माहीत असण्यातून जन्मत नाही, हे खरं. पण माहितीवाचून ते आंधळं होऊ शकतं, याला त्याच्याकडे पुरेशी जागा नाही.

आणि म्हणून त्या व्याख्यानातलं आईचं कौतुक मला घातक वाटतं. हाताला उपजत सगळं कळतं असं ठरवलं, की त्या हाताची चूक शोधणं हा आईचा अपमान होतो. मग तपासणी पुढे ढकलली जाते. मी ती आठ महिने ढकलली होती.

नळी आल्यावर वाटलं, आता यात कौशल्य ते काय उरलं! उरलं नव्हतं, नव्याने सुरू झालं होतं. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या टोकाखाली, असं माप घेऊन नळीवर खूण करायची. दर वेळी सिरिंजने रस ओढून पीएचच्या कागदावर थेंब टाकायचा, आकडा ५.५ किंवा त्याखाली आला तर नळी जठरात. स्टेथोस्कोप लावून हवेचा आवाज ऐकण्यावर भरवसा नाही, तो आवाज फसवतो. आणि आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर कागदाचा आकडाही वर सरकतो.

त्या औषधाविषयीही लिहायला हवं, कारण कमानीसारखी पाठ दिसली की ते लगेच सुरू होतं. २००९ साली १६२ तान्ह्या बाळांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना लान्सोप्राझोल, निम्म्यांना नुसतंच दिसायला औषध. दोन्हीकडे सुधारलेली बाळं सारखीच, ५४ टक्के. आणि औषध घेणाऱ्यांत गंभीर त्रास, विशेषतः छातीचे संसर्ग, जास्त. ती आमच्यासारखी मुलं नव्हती, आणि अन्ननलिकेला खरोखर जखम असेल तर हे औषध लागतंच. आमच्याकडे डॉक्टरांनी ते काही महिने दिलं आणि मग हळूहळू बंद केलं. जास्त फरक पडला तो वेगाने. सुरुवातीला मी दहा मिनिटांत सिरिंज रिकामी करायची आणि ती सगळं वर काढायची. तेवढंच दूध पाऊण तासात दिलं, बद्धकोष्ठावर इलाज केला, दूध दिल्यावर अर्धा-पाऊण तास उठवून ठेवली, की निम्म्याहून अधिक टाकणं कमी झालं.

पुढे नाकातली नळी गेली आणि पोटातून थेट जठरात दूध सोडायचं बटण बसवलं. पोट न उघडता दुर्बिणीतून पोटात अशी नळी बसवायची पद्धत १९७९ साली क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की या दोघांनी काढली, आणि तिचा पहिला रुग्ण साडेचार महिन्यांचं बाळ होतं. ऑक्सफर्डमध्येच सेरेब्रल पाल्सीच्या ५७ मुलांना पोटातून अशी नळी बसवून वर्षभर पाहणी झाली. मुलांची वजनं वाढली, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनाचं स्वास्थ्यही मोजण्याइतकं सुधारलं. आमच्या घरी तेच झालं. पाऊण तास गुणिले सात हा हिशोब फक्त पगारी रजा असलेल्या प्राध्यापिकेलाच परवडतो. थोरला रायल केंब्रिजमधलं वैद्यकशास्त्राचं मानाचं पद सोडून १९४३ साली ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचा पहिला प्राध्यापक झाला, रोगाबरोबर रोग्याची परिस्थितीही अभ्यासावी म्हणून. आईच्या हाताचे गोडवे गाताना त्या आईला दुपारी कामावर कोण सोडणार, हे त्या दिवशी व्यासपीठावरून कुणी विचारलं नाही.

वक्त्यांचं एक मात्र मला मान्य आहे. घास म्हणजे नुसते उष्मांक नव्हेत. लेक पानावर बसते. आमचं जेवण चालू असतानाच तिचं दूध चालतं. थेरपिस्टच्या परवानगीने वरणात बुडवलेलं बोट तिच्या ओठाला लागतं, श्रीखंडाचा ठिपका जिभेच्या टोकाला, तोही ती जागी आणि ताठ बसलेली असेल तरच. तिला केशर आवडत नाही, आम्हाला माहीत आहे. पण यासाठी नळी दूर व्हावी लागली नाही. पोट भरण्याची धास्ती गेली, म्हणूनच चव चाखायला फुरसत मिळाली.

आणि आता भरवणं माझ्या एकटीच्या हातात नाही. दुपारचं दूध सासूबाई देतात, वय ७४. पहिल्या आठवड्यात त्या सिरिंज उंच धरायच्या, दूध भरभर उतरायचं, लेक ओकायची. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी हात खाली आणला. घड्याळ बघायला त्यांना चष्मा लागतो, म्हणून डाव्या हातात जपाची माळ घेतात. सहा माळा होईपर्यंत दूध पुरायला हवं. परवा पाचवी चालू असतानाच सिरिंज संपत आली, तर त्या कोपर आणखी चार बोटं खाली घेऊन लेकीच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.