तो तास कोणाचा?

इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचे दहा दिवस काढणं फारसं अवघड नाही, असं म्हटलं तर तिथून आलेली मंडळी चिडतील. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास ध्यान, मौन, मोबाइल जमा. चौथ्या दिवसापासून ‘अधिष्ठान’ सुरू होतं, म्हणजे तासभर डोळे उघडायचे नाहीत की हातपाय हलवायचे नाहीत. गुडघे बोलायला लागतात. तरी मी मत बदलणार नाही. तिथे घंटा दुसरं कुणी वाजवतं, नाश्ता दुसरं कुणी रांधतं. खरी परीक्षा अकराव्या दिवशी, कल्याणला गाडीतून उतरल्यावर. शिबिर संपताना सांगितलेलं असतं : रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास.

हे दोन तास संन्याशांसाठी नाहीत. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी, संसारी गृहस्थ. 1955 मध्ये अर्धशिशीनं बेजार होऊन ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि हे गुरू होते ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल. आपल्या कचेरीतल्या माणसांनाही ते ध्यानाला बसवत. हिशेबनिसांत रुजलेली ही विपश्यना गोएंकांनी 1969 मध्ये भारतात आणली, 1976 पासून ती इगतपुरीत स्थिरावली. नोकरदारांच्या डोंबिवलीला ती आपली वाटावी, यात नवल नाही. कसारा घाट चढला की इगतपुरी आलीच.

पण डोंबिवलीचा हिशेब वेगळा आहे. सातच्या सुमाराची फास्ट गाठायची, बसायला मिळावं म्हणून काही जण आधी उलटे कल्याणला जातात. घरी परतेपर्यंत आठ-साडेआठ. मग दोन तास आणायचे कुठून? झोपेतून, असं साधक सांगतात. हे अर्धसत्य आहे. वन बीएचकेत साधक नवरा बेडरूममध्ये बसतो. दार लोटलेलं, दिवा बंद. कपाट त्याच खोलीत. त्यामुळे बायको आपली ओढणी आणि मुलाचा युनिफॉर्म रात्रीच खुर्चीवर काढून ठेवते. चटणीसाठी मिक्सरही रात्रीच फिरवून घेते. सकाळी मुलाला दामटायचं ते कुजबुजत. आत समता साधली जात असते आणि बाहेर तिची किंमत दुसरंच कुणी चुकवत असतं.

हे दुखणं जुनंच. टाकळीला बारा वर्षं तप करणाऱ्या रामदासांच्या मागे संसार नव्हता. तुकोबांच्या मागे होता. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्या जिजाईच्या पायात काटा मोडतो आणि विठ्ठल तो काढतो, अशी कथा आहे. आपण ती विठ्ठलाच्या करुणेसाठी सांगतो. मला मात्र त्यात रोजची चढण दिसते. तुकोबांचं एकांतात बसणं त्या भाकरीवर चालत होतं. जनाबाईच्या वाट्याला असा एकांतच नव्हता, म्हणून तिचं नामस्मरण जात्यावर. बायकांची साधना कामात मिसळलेली असते, याचं आपण कौतुकच फार करतो. त्यांना कामातून सुटका मिळत नव्हती, हे त्या कौतुकात बुडून जातं.

लोकलमधल्या भजनी मंडळांनी वेळेचा प्रश्न आपल्या परीनं सोडवला. टाळ गाडीत, नेम गाडीत, घरचं एक मिनिटही घ्यायचं नाही. पण तिथे शेजारच्या चौथ्या सीटवर डुलकी काढू पाहणाऱ्याचा तास जातो. त्याची कुरकूर मला नास्तिकपणाची वाटत नाही. त्याला सकाळी पाचला उठवणारा देव वेगळा आहे इतकंच.

म्हणून ‘रोज नेमानं बसतो’ असं कुणी अभिमानानं सांगितलं, की मी विचारतो, तेव्हा डबा कोण भरतं? काही जण हसतात, काही विषय बदलतात. डोंबिवलीतल्या एका ओळखीच्या घरात मात्र हा प्रश्न भांडणाच्या तोंडावर आला आणि वार वाटले गेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळ त्याची. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिची. ती विपश्यना करत नाही, हरिपाठ म्हणते, तोही मोठ्यानं. तिच्या दिवशी कणीक तो मळतो. रोजच्या दोन तासांचा नियम त्यात अर्थातच मोडला. शिबिरातल्या जुन्या साधकांनी आपल्याला हे पटत नसल्याचं त्याला सांगितलं. रविवारचा तास अजून ठरायचा आहे. त्या दिवशी सासूबाईंनाही पोथी वाचायची असते.